इंजिनातला अमृततुल्य

रविवारी सकाळी गाडी धुवायचा मूड येतो. बॉनेट उघडता, सहज म्हणून ऑइल भरायचं झाकण फिरवता आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चक्क मलई! पिवळट, पांढुरकी, मेयोनीज फासल्यासारखी. डिपस्टिक काढून बघता, तर तिच्यावर काळं किंवा सोनेरी ऑइल नाहीच. थेट अमृततुल्यवाल्याच्या पातेल्यातला चहा.

पुढच्या पाच मिनिटांत सोसायटीत निकाल लागलेला असतो. वॉचमन, तळमजल्यावरचे काका, वरच्या मजल्यावरचा गेल्याच वर्षी एसयूव्ही घेतलेला एक्सपर्ट... सगळ्यांचं एकमत. "हेड गॅस्केट गेलं!" गॅरेजला फोन केला तर गाडी न बघता तोही हेच म्हणतो. वर एक आकडा सांगतो, जो ऐकून तुमची गोव्याची ट्रिप तिथल्या तिथे कॅन्सल होते.

तर बॉस, एक मिनिट. ऑइलमध्ये पाणी येण्याची कारणं पाच-सहा आहेत, हेड गॅस्केट हे त्यातलं एक. कारण सापडल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावू द्यायचा नाही, एवढंच आज तुमच्या डोक्यात भरवायचं आहे.

आधी सगळ्यात स्वस्त शक्यता बघू. म्हणजे काहीही झालेलं नाही, ही. तुमची गाडी पेट्रोलची आहे, घर ते स्टेशन दोन किलोमीटर जाते आणि तशीच परत येते. दिवस पावसाळ्याचे किंवा थंडीचे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरभर पाणी तयार होतं. खोटं वाटतं ना? पण केमिस्ट्री अशीच आहे. यातलं जवळजवळ सगळं पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. दोन किलोमीटरमध्ये ते तापतच नाही. मग ती वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे वरच्या झाकणाला आणि टॅपेट कव्हरला जाऊन चिकटते आणि तिथे मलई धरते. अशा गाडीची डिपस्टिक मात्र स्वच्छ असते, आणि कूलंटच्या टाकीतली पातळी तसूभरही हललेली नसते. तेव्हा टाकीवर मार्करनं रेघ मारा, आठवडाभर रोज सकाळी इंजिन गार असताना बघा. रेघ आणि पाणी जागच्या जागी असेल, डिपस्टिकही साफ असेल, तर झाकण पुसा आणि एकदा लोणावळ्याला जाऊन या. मलई गायब! (आणि हो, गरम इंजिनावर कूलंटचं झाकण उघडायचं नाही. आत प्रेशर असतं, त्यामुळे पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलंत की ते तुमच्या तोंडावर उकळेल.)

दुसरी शक्यता पुराची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या किती गाड्यांच्या ऑइलचा चहा झाला असेल, हे त्या इंजिनांनाच ठाऊक. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरातल्या बेसमेंट पार्किंगमध्ये हा प्रयोग होतोच. यातलं पाणी बाहेरून, एअर फिल्टरच्या किंवा डिपस्टिकच्या वाटेनं आलेलं असतं. ऑइल गढूळ, कधी तळाशी माती, पण कूलंटची टाकी जशीच्या तशी. इथे निदान सोपं आणि पथ्य कडक. स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यात गाडी सुरू करून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

या दोन्ही शक्यता गेल्या, टाकीतलं कूलंट खरोखर कमी होतंय आणि डिपस्टिकवर चहा आहे, म्हणजे केस जेन्युइन. इथून पुढे गाडी चालवणं बंद. "गॅरेजपर्यंत तर न्यायचीय" हा डायलॉगही बंद. इंजिनातला क्रँक बेअरिंगवर टेकत नाही, तो ऑइलच्या थरावर तरंगतो. तो थर काही मायक्रॉनचा. तुमचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. त्या थरात पाणी आलं की धातू धातूवर घासतो. आणि कूलंट म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यातलं ग्लायकॉल गरम ऑइलमध्ये ॲसिड तयार करतं, गाळ धरतं आणि तो गाळ ऑइलच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो. मूळ बिघाड काही हजारांचा असला तरी अशा ऑइलवर मारलेल्या चकरा तो लाखात नेतात. टोइंगचे पैसे वाचवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आता प्रश्न उरतो, पाणी आलं कुठून? इंजिनात पाणी आणि ऑइल शेजारी-शेजारी राहतात, मध्ये पातळ भिंत. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंसारखं. ही भिंत जिथे जिथे आहे, तिथे तिथे संशय. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये गॅस्केट. खुद्द हेडला किंवा ब्लॉकला गेलेली चीर. काही इंजिनांत टायमिंग कव्हरच्या मागून पाणी वाहतं, तिथलं पॅकिंग. ज्यांच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं, अशा मोठ्या डिझेल इंजिनांत लायनरच्या खालच्या रबरी रिंगा. आणि सगळ्यात दुर्लक्षित आयटम, ऑइल कूलर. टर्बो डिझेलमध्ये तो बहुतेक असतोच, हल्लीच्या बऱ्याच टर्बो पेट्रोलमध्येही असतो. ऑइल फिल्टरच्या बुडाशी बसलेला मुठीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा. आत पापडासारख्या पातळ पत्र्यांची चवड, एका पत्र्याआड ऑइल, पुढच्याआड पाणी. एक पत्रा सडला की झालं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. वाकडला राहते, हिंजवडीत टेस्टर आहे. चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड डिझेल हॅचबॅक घेतलेली, स्वतःच्या पैशांची पहिली गाडी, हप्ते चालू. "दादा, ऑइलमध्ये पाणी आलंय म्हणतात. हेड उतरवावं लागेल. सत्तर हजार, आणि आत काय निघेल त्यावर." हे 'आत काय निघेल त्यावर' फार महागडं असतं, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

"टेस्ट काय केली?" मी विचारलं.

"टेस्ट नाही केली. डिपस्टिक बघितली."

आणि मग ती जरा थांबून म्हणाली, "तो गॅरेजवाला म्हणतोय की दुसरा मार्ग आहे. ऑइल बदलायचं, फ्लश मारायचा आणि पंधरा दिवसांत गाडी काढून टाकायची. त्याच्या ओळखीचा एजंट आहे. करू का?"

मी म्हटलं, आधी गाडी हलवू, मग बोलू. "पाच किलोमीटर तर आहे, चालवत आणते," यावर आमचं थोडं वाजलं, पण शेवटी गाडी टोइंगवाल्याच्या पाठीवर बसून नाना पेठेत आली. तिथे स्पेअर पार्ट्सच्या दुकानांमागे एक बोळ आहे, त्यात आमच्या मिस्त्रींचं गॅरेज. बोर्ड नाही, वेटिंग लाउंज नाही, कॉफी मशीन तर नाहीच. माणूस कमी बोलतो आणि प्रश्न जास्त विचारतो. मला मेकॅनिक असाच लागतो.

"ताई, गाडी कधी गरम झाली होती? काटा वर गेलेला?"

"नाही, कधीच नाही."

"सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर? गोडसर वास?"

"नाही."

"स्टार्ट झाल्यावर थडथडते? एक सिलिंडर मारत नाही असं?"

"नाही काका."

"पाणी काय टाकता?"

"मी कूलंट टाकलं. आधीच्या मालकाचं माहीत नाही."

मिस्त्रींनी टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारली. आतल्या कडेला गंजाचा तांबूस थर, आणि वर चॉकलेटी तवंग. बोट फिरवलं, चिकट. ते काहीच बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

हा तवंग महत्त्वाचा होता. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर असतं तीन-चार बार, कूलंटचं जेमतेम एक. भिंत फुटली तर जास्त प्रेशरवालं कमी प्रेशरवाल्याकडे जाणार, म्हणजे ऑइल पाण्यात. इंजिन बंद केलं की ऑइलचं प्रेशर काही सेकंदांत शून्यावर येतं, पण पाणी अजून गरम असतं, दाबाखाली असतं. मग उलटा प्रवास, पाणी ऑइलमध्ये. कूलर फुटला की गाडी चालताना एक घाण होतं आणि पार्क केल्यावर दुसरं. दोन्हीकडे काला. गॅस्केट मात्र पाण्याची वाट आणि ऑइल परत खाली उतरायची वाट यांच्यामध्ये गेलं असेल, तर तिथे ऑइलला प्रेशरच नसतं. पाणी खाली उतरत राहतं आणि टाकी बऱ्याचदा स्वच्छ राहते. आणि गॅस्केट सिलिंडर आणि पाणी यांच्यामध्ये गेलं, तर टाकीत बुडबुडे, पाइप दगडासारखे टणक, मागे पांढरा धूर. पेट्रोल गाडीत चारपैकी एक प्लग संशयास्पद स्वच्छ निघतो, वाफेनं धुतल्यासारखा. (ऑटोमॅटिकवाल्यांसाठी एक कंस: काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरमध्येच असतो. टाकीतला तवंग लालसर असेल आणि इंजिनाची डिपस्टिक साफ, तर तिकडे बघा.)

यातलं काहीही शंभर टक्के नाही, पण संशयितांची रांग लागते. हिच्या गाडीत तवंग होता, गरम झाल्याची हिस्टरी नव्हती, धूर नव्हता. रांगेत पहिला नंबर कूलरचा.

एक निळ्या पाण्याची टेस्ट असते. टाकीच्या तोंडावर काचेची नळी बसवायची, त्यात निळं द्रावण. कूलंटमध्ये जळलेला गॅस येत असेल तर द्रावण पिवळं होतं. डिझेलमध्ये रंग इतका ठळक बदलत नाही, पण कळतं. मस्त टेस्ट आहे, फक्त तिचा अर्थ नीट घ्यायचा. पिवळं झालं तर जळलेला गॅस पाण्यात येतोय, म्हणजे गॅस्केट किंवा हेडची चीर, ऑइल कूलर हा खेळ करूच शकत नाही. निळं राहिलं तर मात्र गॅस्केट सुटलं असं होत नाही, कारण ते पाणी आणि ऑइलच्या मधल्या पट्टीत गेलं असेल तर गॅस येणारच नाही. अनेक गॅरेजवाले इथे घसरतात. मी मिस्त्रींना म्हटलं, करायची का? ते म्हणाले, "त्याला इंजिन चालू ठेवावं लागतं. ऑइलचा चहा असताना मी इंजिन कशाला चालवू?"

गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी चेंबरचा ड्रेन बोल्ट थोडासाच ढिला केला. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभरात सुटं पाणी तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. आलंच. कपभर गढूळ, हिरवट पाणी, मग चहा. हिरवट म्हणजे कूलंटच. बहिणीचा चेहरा पडला.

मग प्रेशर टेस्ट. टाकीच्या तोंडावर सायकलच्या पंपासारखा एक पंप बसतो, त्याला घड्याळ. झाकणावर जेवढा आकडा छापलेला असेल तेवढाच दाब द्यायचा, हिचा १.१ बार. जोर लावून जास्त दिला तर धडधाकट पाइप फुटायचा. इंजिन गार, बंद. पंधरा मिनिटांत काटा ०.७ वर. बाहेर कुठेही थेंब नाही, रेडिएटर कोरडा, वॉटर पंप कोरडा, गाडीच्या आत पायापाशी कोरडं. आणि उघड्या ड्रेन बोल्टातून टप... टप... म्हणजे गळती आतलीच, हे पक्कं. ग्लो प्लग काढून क्रँक हातानं फिरवला, एकाही सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी आली नाही.

इथपर्यंत कोणीही येईल. पुढची स्टेप मला बेहद्द आवडली. या गाडीत कूलरला पाणी दोन रबरी पाइपांनी येतं-जातं. मिस्त्रींनी ते दोन्ही पाइप कूलरवरून काढले, एका तुकड्यानं एकमेकांना जोडले आणि क्लिपा आवळल्या. म्हणजे पाण्याच्या सर्किटमधून कूलर आउट! बाकी इंजिन आहे तसं. पुन्हा १.१ बार. आम्ही समोरच्या टपरीवर गेलो, चहा मागवला (तिनं कॉफी घेतली, चहा बघवत नव्हता म्हणे). अर्ध्या तासानं परत आलो. काटा जागचा हलला नव्हता आणि बोल्टाखालचं फडकं कोरडं होतं.

कूलर काढला, एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हळू हवा भरली आणि बादलीत बुडवला. बुडबुड्यांची बारीक माळ, सोड्याची बाटली उघडल्यासारखी. हेडच्या एकाही बोल्टला हात न लावता केस सॉल्व्ह.

सगळ्याच गाड्यांत ही ट्रिक चालत नाही. काही इंजिनांत कूलर थेट ब्लॉकवर बसतो, पाइपच नसतात. तिथे तो काढून बादलीतच तपासावा लागतो. आणि ज्या साध्या पेट्रोल इंजिनात कूलरच नाही, तिथे प्रेशर टेस्ट फेल झाली की चेंबर काढून खालून बॅटरी मारायची. थेंब सिलिंडरच्या भिंतीवरून येतोय, पुढच्या टायमिंग कव्हरकडून की मधूनच कुठून, ते दिसतं. घाणेरडं काम आहे, अंगावर ठिबकतं. म्हणूनच अनेक जण 'हेड गेलं' म्हणून मोकळे होतात.

आता हेड गॅस्केटला उगाच बदनाम करतोय असं नको वाटायला. ते जातं, अगदी रीतसर जातं. ॲल्युमिनियमचं हेड गरम झालं की लोखंडी ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि मधलं गॅस्केट आयुष्यभर ही ओढाताण सोसतं. इंग्लंडात रोव्हरच्या के सीरीज इंजिनानं या एका पार्टपायी इतकं नाव घालवलं की पुढे त्यासाठी पोलादी थरांची वेगळी गॅस्केट निघाली. (आपली पुण्याची इंडिका २००३ पासून दोनेक वर्षं तिकडे सिटीरोव्हर म्हणून विकली गेली, तिच्यात मात्र टाटांचंच इंजिन होतं.) तुमची गाडी खंडाळ्याच्या घाटात उकळली असेल आणि नंतर ऑइलचा चहा झाला असेल, तर पहिला संशय हेडवरच घ्या. फक्त मग नुसतं गॅस्केट बदलून गाडी परत घेऊ नका. हेड लेथवाल्याकडे गेलं का? पट्टी आणि फिलर लावून ते वाकलंय का बघितलं? पाण्याच्या वाटा बंद करून प्रेशरला लावून चीर शोधली? बोल्ट एकदाच ताणायचे असतील तर नवे घेतले? आणि मुळात गाडी उकळली का, फॅन, थर्मोस्टॅट, चोक झालेला रेडिएटर? हे न विचारता नवं गॅस्केट टाकलंत तर ते किती टिकेल याची गॅरंटी मी तरी देणार नाही.

तर बहिणीकडे येऊ. कूलर सडला का, हाही प्रश्न होताच. रेडिएटरमधून जे निघालं त्यानं उत्तर दिलं, गंज आणि क्षाराचे पांढरे पापुद्रे. कुणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणी भरलं होतं, बहुधा सोसायटीच्या बोअरचं. ज्या पाण्यानं तुमचा गिझर आणि नळाच्या जाळ्या पांढऱ्या होतात, तेच पाणी पापडासारख्या पत्र्यांमधून फिरवलं तर दुसरं काय होणार? कूलंट म्हणजे गंज रोखणारं रसायन, थंडी-बर्फाशी त्याचा संबंध नंतरचा. पुण्यात बर्फ पडत नाही म्हणून पाणी चालतं, हे लॉजिक अजूनही ऐकायला मिळतं. कमाल आहे.

चेंबर उघडलेलंच होतं, म्हणून मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बघितली. इथे वाईट बातमी होती. दोन बेअरिंगांवर ओरखडे. चहावर गाडी किती दिवस चालली, त्याची पावतीच. क्रँकला मायक्रोमीटर लावला, तो सुदैवानं मापात होता. बेअरिंगं सगळी नवी टाकली. पाण्याचं सर्किट चार वेळा धुतलं तेव्हा कुठे तवंग सुटला. ऑइलनं फुगलेले दोन रबरी पाइप बदलले. एकूण बिल एकतीस हजार. स्वस्त नाही, पण सत्तर हजार आणि 'आत काय निघेल त्यावर' याच्यापुढे बरंच. आणि हेड उघडलं असतं, नवं गॅस्केट टाकलं असतं, तरी तो सडका कूलर तिथेच होता. पंधरा दिवसांत पुन्हा चहा.

बिल देताना ती टाकीच्या गंजाकडे बघत होती. म्हणाली, "दादा, गाडी घेतली तेव्हा 'फ्रेश सर्व्हिस, नवीन ऑइल' असं सांगितलं होतं. म्हणजे मलाही तसंच विकलं असेल का रे?"

असेलही, नसेलही. आता कळायला मार्ग नाही. ऑइल बदललं की डिपस्टिक काही आठवडे साफ दिसते, हे मात्र खरं. एजंटचा विषय तिनंच परत काढला नाही. सेकंडहँड गाडी बघायला जाणाऱ्यांनी म्हणूनच डिपस्टिकवर भागवू नये. इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीत बोट घाला. टाकीतला तवंग एका फ्लशनं जात नाही, कडेला चॉकलेटी वर्तुळ सोडतो. ऑइलच्या झाकणाच्या आत, धाग्यांच्या खाचेत बघा, तिथे कोणी पुसत नाही. आणि 'गाडी आधीच गरम करून ठेवलीय' असं म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.

मिस्त्रींची एक अट होती. आधी साधं स्वस्त ऑइल, पाचशे किलोमीटरवर ते काढायचं, मग चांगलं. ती पाचशे किलोमीटर पूर्ण करायला कोल्हापूरला जाऊन आली, टाकीवर मार्करची रेघ मारून. पातळी हलली नव्हती. मिस्त्रींनी गॅरेजबाहेर, पेट्रोल-डिझेलपासून लांब, छोट्या गॅसवर पत्र्याचा तुकडा तापवला, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि काढलेल्या ऑइलचा एक थेंब त्यावर टाकला. ऑइलमध्ये पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं.

थेंब पसरला, थोडा धूर आला. आवाज नाही. त्यांनी दुसरा टाकला, मग तिसरा, आणि गॅस बंद करून पोराला सांगितलं, "ताईंचं चांगलं ऑइल भर."